काही विचारायचंय?

चहा आला आणि राजेश्वरी उठली. उठली हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी नुसते गुडघे सरळ झाले, खुर्ची मागे सरकली आणि खालच्या टपरीवरून चहा घेऊन आलेल्या मावशींच्या हातातला ट्रे तिच्या हातात आला. मग पुढचं सगळं आपोआप. पहिला कप मध्ये बसलेल्या वडीलधाऱ्याला, दुसरा त्याच्या उजवीकडच्याला, तिसरा डावीकडच्या मुलीला. प्रत्येक कपाचा दांडा ज्याच्या त्याच्या उजव्या हाताकडे वळवलेला. चौथा कप ट्रेमध्ये तसाच ठेवून, ट्रे छातीशी धरून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि नजर खाली, समोरच्या चपलांवर. खोलीत एवढी शांतता पसरली की खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं यंत्र पानं ओकत असल्याचं ऐकू यायला लागलं. "राजेश्वरीताई," रुक्सार मॅडम म्हणाल्या, "मुलाखत द्यायला आलाय का सोयरीक जमवायला?" सगळे हसले. राजेश्वरीही हसली, पण तिचं हसू सगळ्यांचं संपल्यावर सुरू झालं, आणि उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं जरा अवघडूनच बसलं.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत रुक्सार मॅडम मुलाखतीची तयारी करून घ्यायच्या. वयानं राजेश्वरीपेक्षा चांगल्या दहा वर्षांनी लहान, पण आवाजात असा काही दाब की पन्नाशीचा माणूसही खुर्चीत सरळ व्हावा. आज वर्गातलेच तिघं साहेब झाले होते: मध्ये एक निवृत्त सुभेदार, जो स्वतः बँकेच्या पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी शिकत होता, आणि दोन्ही बाजूंना त्याच्या मुलांच्या वयाचे दोघं. ही नुसती तालीम होती. खरी मुलाखत शनिवारी, पाचगणीला, एका निवासी शाळेत. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेची जागा. जाहिरातीत वयाची अट चाळीस होती आणि राजेश्वरीला चाळिसावं लागलेलं होतं. अशा अटीचा दरवाजा बंद होताना आवाज होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नंतर कधीतरी ढकलून बघावं तेव्हा कडी आतून लागलेली असते. "उत्तरं चांगली देता तुम्ही," जिना उतरताना रुक्सार मॅडम म्हणाल्या, "पण चहा आला की तुमचं काय होतं? आणि दुसरं. शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का. तुम्ही म्हणालात, काही नाही. असं नाही म्हणायचं. एक तरी प्रश्न घेऊन जायचा. ज्याला काहीच विचारायचं नसतं, त्याला नोकरी नकोच असते, असं धरतात ते लोक." राजेश्वरी मान डोलावून रिक्षात बसली. मनगटांत अजून ट्रेचं वजन होतं. रिकाम्या मांडीवर तिनं दोन्ही हात पालथे ठेवले, तरी ते वजन जाईना.

ते वजन जुनं होतं. सांगलीचं होतं. खरं म्हणजे ती जतची. पण तिला बघायला येणारे पाहुणे जतला कधीच आले नाहीत, कारण वडिलांनी येऊच दिले नाहीत. उन्हाळ्यात दारापुढं टँकरची वाट बघत पिंपांची रांग लागलेली असायची, आणि सोयरे आधी पिंपं मोजतात आणि मग पोरगी बघतात असं वडिलांचं मत होतं. म्हणून कार्यक्रम सांगलीत, विश्रामबागेत, केरबामामाच्या घरी. तिथं नळाला पाणी होतं, सोफा होता, आणि मामाला बोलायची भारी हौस होती. मुलीला काय येतं, काय आवडतं, पुढं शिकायचंय का, सगळ्याची उत्तरं मामाच द्यायचा, आणि एवढी झकास द्यायचा की ऐकता ऐकता राजेश्वरीलाच त्या मुलीचं कौतुक वाटायचं. ती मुलगी विणकाम करायची, शांत होती, देवभोळी होती. राजेश्वरीनं आयुष्यात सुई हातात धरली होती ती बटणापुरती. आई दाराआड उभी असायची. आईची भाषा कानडी, एखाद्या बशीत पोहे जास्त पडले की दाराआडून हळूच आवाज यायचा, "साकु, साकु." पुरे, पुरे. पाहुण्यांना वाटायचं, आत कुणीतरी मंत्र म्हणतंय.

असे कार्यक्रम किती झाले? एका हाताच्या बोटांवर मोजायला घेतले तर दुसरा हात लागायचा. एका आत्याबाईनं तिला दारापर्यंत चालायला लावलं. एका काकांनी वर्तमानपत्र वाचायला दिलं, आणि तिनं अग्रलेख सुरू केल्यावर म्हणाले, तेवढं बास, राशिभविष्य वाच. या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती: नजर खाली घातलेल्या मुलीला जे दिसतं, ते नजर वर असलेल्यांना दिसत नाही. पावलं दिसतात. पायाची हालचाल दिसते. बशी धरलेले हात दिसतात. पोह्यांतले शेंगदाणे वेचून आधी खाणारा नवरा मुलगा तिनं मनातल्या जमाखर्चात नावे टाकला होता: याला सगळं चांगलं आधी लागणार. स्वतःच्या बायकोकडं बशी सरकवून "तू खा" म्हणणारा एक सासरा तिनं जमेला धरला होता, पण त्यांच्याकडून नकार आला. मामाकडच्या बंद पंख्याकडं तीनदा बघून घाम पुसणारे एक गृहस्थ होते; पंखा लावा म्हणायची ज्याला भीड, तो घरात कुणापुढं तोंड उघडणार, म्हणून तेही नावे. ते लोक तिला पसंत-नापसंत करत होते, तेव्हा तिचाही निकाल तयार असायचा. फक्त तो कुणी मागत नव्हतं. आज रिक्षात बसल्या बसल्या तिला वाटलं, माणसं वाचायचं सगळं शिक्षण आपल्याला त्या सोफ्यासमोरच मिळालं. आणि हात पुढं करून उभं राहायची खोडही तिथंच लागली. एकाच शाळेचे दोन दाखले.

शेवटच्या वेळी साताऱ्याची माणसं आली. नानासो, म्हणजे आताचे सासरे, तेव्हा नुकतेच पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मिशी अजून नोकरीत. अमृत, मुलगा, सुट्टीवर आलेला शिपाई; मुलीपेक्षा त्याचीच नजर जास्त खाली. अमृतच्या आईनं, चंद्राबाईंनी, पोहे खाऊन मीठ बरोबर आहे असं जाहीर केलं. मामा बोलत होता. आणि नानासो अचानक म्हणाले होते, "आवं, तुमीच किती बोलताय? पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार." सगळे हसले होते. मामा सगळ्यात मोठ्यानं. आणि राजेश्वरीच्या तोंडात खरोखर एक प्रश्न होता, जिभेवर येऊन बसलेला, आवळ्याएवढा. अमृतचं आधी एक लग्न ठरून मोडलेलं आहे, हे मामीनं तिला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. मुलीनंच मोडलं होतं म्हणे. का? एवढंच तिला विचारायचं होतं. पण दाराआडून आईचा आवाज आला, साकु, आणि ती म्हणाली, "काय न्हाई."

त्यानंतरची सतरा वर्षं काही वाईट गेली नाहीत. हिशेबाला बसायचं तर जमेची बाजू भरलेली होती. अमृत भला माणूस. पठाणकोट, जोधपूर, सिकंदराबाद असा फिरत राहिला, फोनवर आधी तिची आणि मग हवेची चौकशी करत राहिला. आता पुढच्या वर्षी कायमचा घरी येणार. क्रांती, मुलगी, सांगलीला त्याच केरबामामाकडं राहून कॉलेजात जायला लागलेली. राजेश्वरी साताऱ्यात घर सांभाळत बाहेरून बी.ए. झाली, सदरबझारातल्या एका मुलींच्या वसतिगृहात बदलीवर दोन वर्षं काढली, ते बंद पडलं तेव्हा मुली तिच्या गळ्यात पडून रडल्या. पण या सगळ्यात एकही गोष्ट अशी नव्हती की जी तिनं बोलून मिळवली होती. मिळालं होतं. वाट्याला आलं होतं. बरंच आलं होतं. तरी कधी भाजी चिरताना, कधी गच्चीवर वाळवण घालताना समोर अजिंक्यतारा बघत ती अशी थांबायची, की जणू आत कुणीतरी ट्रे धरून उभं आहे आणि त्याला अजून कुणी बस म्हटलेलं नाही.

घरी आल्यावर तिनं चहाचा किस्सा सांगितला. चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नानासो हसले नाहीत. ते उठले, आत जाऊन कोट घालून आले, बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतलं आणि त्यामागं बसले. "चल. परेड हितंच. मी मोठा साहेब. तुझी सासू मेंबर. जा भाईर, आन् दार वाजवून ये."

"मला न्हाई जमत मेंबर बिंबर," चंद्राबाई लसूण सोलत म्हणाल्या. "आन् ही तिकडं ऱ्हायला गेली की च्या कोन करनार आमाला?"

"मी करीन."

"तुमी? गॅस कुठल्या बाजूनं फिरतुया ते तरी म्हाईत हाय का?"

"मेंबरनं मधी बोलायचं न्हाई," नानासो म्हणाले. "नेक्स्ट."

राजेश्वरी दार वाजवून आत आली, नमस्कार करून बसली, आणि हसू दाबायचं काम थोडा वेळ चाललं. पण नानासोंनी चेहरा असा काही ठेवला होता की हळूहळू तिला त्या टेबलामागं सासरे दिसेनासे झाले. कोट दिसायला लागला. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. एखादी पोरगी रात्री भिंतीवरनं उडी टाकून पळाली तर काय करशील, विचारलं. "आधी तिच्या मैत्रिणींना चहा पाजीन," ती म्हणाली, "मग विचारीन." "परत च्या!" चंद्राबाई म्हणाल्या. नानासोंनी त्यांच्याकडं साहेबी नजर टाकली. मग त्यांनी घसा खाकरला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ठीक. आता तुला काय इचारायचं आसंल तर इचार."

तेच शब्द. तोच आवाज, जरा झिजलेला. राजेश्वरीला सांगलीतल्या त्या सोफ्याचं निळं कापड दिसलं, बंद पंखा दिसला. रुक्सार मॅडमनी पाठ करून दिलेला प्रश्न तयार होता. आपल्या संस्थेची पुढील वाटचाल कशी असेल, असा काहीतरी, इस्त्री केलेला. तो काढायला तिनं तोंड उघडलं आणि दुसराच बाहेर आला. जुना. सुकून चिंचोक्याएवढा झालेला.

"माझ्या आधी जी मुलगी ठरली होती, ती का नको म्हणाली?"

लसूण सोलायचा आवाज थांबला. नानासोंनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. बाहेर गल्लीतून भाजीची गाडी गेली. मेथी, कांद्याची पात, ओरडणाऱ्याचा आवाज लांब गेला. मग साहेब गेला आणि खुर्चीत सासरे उरले.

"ती म्हणली, नवऱ्यासंगं जायला मिळनार आसंल तर येते. त्येची जिथं पोस्टिंग, तिथं. आमी म्हणलं, मग घरात मानूस नगं का? ती म्हणली, मग तुमी घरासाठी मानूस बघा, नवऱ्यासाठी नगा बघू. तिथंच मोडलं."

पठाणकोट, जोधपूर, सिकंदराबाद ही गावं राजेश्वरीच्या डोळ्यांसमोरून गेली. एकही तिनं पाहिलेलं नव्हतं. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं, आणि ती रागाची वाट बघत बसली, बस येईल म्हणून थांब्यावर बसावं तशी. आलं ते निराळंच काहीतरी होतं. त्याला नाव नव्हतं, पण त्यात त्या न पाहिलेल्या मुलीबद्दल भलतीच आपुलकी होती.

"आन् तू तवा इचारलं आसतंस," चंद्राबाई म्हणाल्या, "तर आमी खरंच सांगितलं आसतं. मग तू काय केलं आसतंस?"

"न्हाई सांगता येत," राजेश्वरी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"मला तर कुनी बघितलंबी न्हाई," चंद्राबाई पुन्हा लसणाकडं वळत म्हणाल्या. "ह्यांचा बा आला, आमच्या शेळ्या बघितल्या, म्हणला शेळ्या चांगल्या ठेवल्यात, पोरगी द्या." नानासो मोठ्यांदा हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले, हसण्याचं पाणी असेल. मग चंद्राबाई तिच्याकडं न बघताच म्हणाल्या, "जा तू पाचगनीला. च्या करतो म्हणत्यात ना, करू दे. पंधरा दिस प्यावा लागंल कडू, मग येईल त्यास्नी." राजेश्वरीनं मनातल्या मनात ते वाक्य जमेला लिहिलं आणि त्याच्याखाली ओळ मारली. या घरात एवढी मोठी रक्कम एकदम जमा झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

शनिवारी वाईच्या पुढं पसरणीचा घाट चढताना बसच्या खिडकीतून थंड वारा यायला लागला. उत्तरं पाठ होती, पण वळणावळणाला एकेक खाली सांडत असल्यासारखं वाटत होतं. शाळा जुनी, दगडी. व्हरांड्यात मुलींचे बूट ओळीनं, आणि त्यातला एकच जोड उलटा पडलेला. वाकून तो सरळ करायचा हात तिनं मागं घेतला. आत तिघं होते. चष्म्याला साखळी लावलेल्या मुख्याध्यापिका, स्वेटर घातलेले एक वृद्ध विश्वस्त, आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलेला एक तरुण, जो सगळा वेळ काहीतरी टंकत होता. राजेश्वरीनं या वेळी नजर वर ठेवली होती, तरी जुन्या सवयीनं टेबलाखालचे पाय दिसलेच. बाईंच्या बुटांना लाल माती होती, म्हणजे ह्या स्वतः मैदानात फिरतात. जमा. विश्वस्तांचे बूट आरशासारखे. ते तिनं अधांतरी ठेवले.

प्रश्न झाले. परीक्षेच्या आधी रोज पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलीचं काय कराल, असं विचारलं तेव्हा तिनं सदरबझारातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. त्या मुलीचं पोट खरंच दुखत होतं आणि हिनं ते दोन दिवस उशिरा मानलं होतं. "तेव्हापासून आधी डॉक्टर," ती म्हणाली, "मग माझा अंदाज." आणि त्याच वेळी दार उघडलं. शिपाई चहा घेऊन आला, टेबलाच्या कोपऱ्यावर, नेमका तिच्या कोपरापाशी, ट्रे ठेवला आणि निघून गेला.

तिघंही समोरच्या कागदांत होते. चहाची वाफ सरळ वर जात होती. राजेश्वरीचे गुडघे हलले. तिला ते कळलं; या वेळी आधी कळलं. मनगटांत वजन उतरलं, बोटं अर्धी उघडली, आणि सांगलीचा सोफा, चालून दाखव म्हणणारी आत्याबाई, शेंगदाणे वेचणारा, सगळे त्या तिघांच्या मागं येऊन गर्दी करून उभे राहिले. चहा थंड होतोय, कुणीतरी म्हणालं. तिच्या आतूनच म्हणालं. तिनं हात पुढं केला. एक कप उचलला. आणि तो स्वतःसमोर ठेवला.

बस्स, एवढंच. छत कोसळलं नाही. विश्वस्तांनी मान वर केली, ट्रेकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, हात लांबवला, पुरेना. मग हुश्श करून उठले, वळसा घालून आले आणि त्यांनीच बाईंना आणि तरुणाला कप नेऊन दिले. दांडे भलतीकडंच. तरुणाच्या बशीत चहा सांडला. ते दांडे वळवून द्यायला राजेश्वरीची बोटं एवढी सळसळली की तिनं ती कपाभोवती घट्ट मिटून घेतली. कप ऊन होता. तिला एकदम आठवलं की एवढ्या कार्यक्रमांत आपण कधीच चहा प्यायलो नव्हतो. चौथा कप नेहमी ट्रेमध्येच राहायचा, आणि नंतर आई तो उकळत्या पातेल्यात परत ओतायची. आता स्वेटरवाल्यांची जागा कुठल्या बाजूला लिहायची, तेही ठरलं. बायकोकडं बशी सरकवणाऱ्या त्या सासऱ्याच्या शेजारी.

"ठीक आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," राजेश्वरी म्हणाली. "माझ्या आधीच्या बाई का गेल्या?"

तरुणाची बोटं थांबली. विश्वस्त खिडकीबाहेर सिल्व्हर ओकच्या झाडांकडं बघायला लागले. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला आणि तो साखळीवर छातीशी लोंबू दिला. "त्यांना आठवड्याची सुट्टी ठरली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "मिळत नव्हती. दुसरं कुणी नव्हतंच बघायला. त्यांनी दोनदा सांगितलं, आम्ही करू म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, सामान बांधलं."

"आणि आता?"

"आता दोन जागा भरतोय. दोघी असाल."

"दुसऱ्या बाई आल्या नाहीत तर?"

"बाई," विश्वस्त म्हणाले, "मुलाखत कोण कोणाची घेतंय?" पण आवाजात चिडणं नव्हतं, आणि ते तिच्याकडं बघत होते.

"माझ्या घरी विचारणार आहेत, सर," ती म्हणाली. "मला खरं सांगायला लागेल."

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दुसऱ्या बाई येईपर्यंत तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतः वसतिगृहात झोपेन," त्या म्हणाल्या, आणि तरुणाकडं वळल्या. "हे पण लिहा." मग राजेश्वरीला म्हणाल्या, "सोमवारी कळवतो आम्ही."

कळवतो. या शब्दाचे सगळे प्रकार राजेश्वरीच्या ओळखीचे होते. चपला शोधत म्हटलेला कळवतो, मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलेला, आणि पानाची पिचकारी टाकायला बाहेर जाता जाता म्हटलेला. ती उठली, नमस्कार केला, दाराशी पोचली, तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला: "आणि हो, इथं थंडी फार असते. पांघरूण शाळा देते, पण पातळ आहे. आपलं आणलेलं बरं."

व्हरांड्यातून ती हळू चालत गेली. सांगलीत कुठल्याच पाहुण्यांनी जाता जाता पांघरुणाचं काढलं नव्हतं. अजून काही पक्कं नव्हतं. सोमवार सोमवारीच येणार होता, आणि माणसं पांघरुणाचं बोलूनही विसरतात. तरी जमेच्या बाजूला तिनं एक आडवी रेघ ओढून जागा मोकळी ठेवली. उलटा पडलेला बुटांचा जोड तिनं जाता जाता सरळ केला; आता ते करायला हरकत नव्हती.

पाचगणीच्या बसथांब्यावर धुकं उतरत होतं. फोन वाजला. रुक्सार मॅडम.

"काय झालं? चहा आला होता?"

"आला होता."

"ताई! वाटलात?"

"न्हाई," राजेश्वरी म्हणाली. "प्याले. आणि कप तिथंच ठेवून आले."